नवी पिकअप घेताय? विकायचा हिशेब आधीच करा

कन्हान (वार्ताहर) : दसरा-दिवाळी आली की आपल्या पारशिवनी तालुक्यात नव्या पिकअप आणि छोटा हत्तीला हार पडतात. शोरूममध्ये आपण दोनच गोष्टी विचारतो. डाउन पेमेंट किती अन् हप्ता किती? पाच वर्षांनी ही गाडी कितीला जाईल, हे कोणी विचारत नाही.

माझंच सांगतो. भाजी कळमन्याला न्यायला पिकअप घेतली तेव्हा म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, लायटिंग यावर 40 हजार लावले. विकताना घेणाऱ्यानं टेप सुरू करूनही पाहिला नाही. त्यानं टायर पाहिले, हौद्याचा तळ ठोकून पाहिला अन् आरसीवरचं साल वाचलं. माझे 40 हजार तिथंच बुडाले.

बेस की टॉप? असा हिशेब मांडा

समजा, बेस मॉडेल 9 लाखांचं आहे आणि वरचं 9 लाख 70 हजारांचं. पाच वर्षांनी पहिलं साडेचार लाखांत गेलं अन् दुसरं 4 लाख 90 हजारांत. म्हणजे वर दिलेल्या 70 हजारांतले 40 हजार परत आले. खरा खर्च 30 हजार, म्हणजे महिन्याला 500 रुपये. कर्जाचं व्याज वेगळं. पॉवर स्टिअरिंगसाठी रोज गाडी चालवणाऱ्याला हे महाग नाही. शोभेच्या वस्तूंचे मात्र पैसे परत येत नाहीत.

पैसा कशाला लावावा?

आपल्या भागात जुनी गाडी घेणारा बहुतेक भाजीवाला, खतवाला नाहीतर बांधकामाचं साहित्य नेणारा. तो वजनाची क्षमता, हौद्याची लांबी आणि इंधन पाहतो. सीएनजी घेणार असाल तर पंप आपल्या रस्त्यावर आहे का, ते आधी पाहा.

कमी क्षमतेची गाडी घेऊन पाटे वाढवू नका. ओव्हरलोडचा दंड 20 हजार, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला 2 हजार. वरून चेसिस खचली तर भाव गेलाच.

एसीचं बोलायचं तर 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. त्याखालच्या पिकअपला ही सक्ती नाही, तिथं तो तुमच्या मर्जीचा.

साल पाहूनच सही करा

डिसेंबरमध्ये सूट भरपूर मिळते. पण विकताना ती गाडी जानेवारीत बनलेल्या गाडीपेक्षा एक वर्ष जुनी धरली जाते. फॉर्म 21 वर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. सूट या फरकापेक्षा मोठी असेल तरच घ्या.

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो. म्हणून जुनी देऊन नवी घेताना दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

कागद हाही भावच

आठ वर्षांपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी होतो, नंतर दरवर्षी. त्यामुळे विकायची असेल तर आठ वर्षं भरायच्या आधी विका. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. हे राहिलं तर गिऱ्हाईक दारातून परत जातं. सर्व्हिसच्या पावत्या एका फाईलीत ठेवा.

शेवटी एकच सांगणं. शोरूमच्या आधी जुन्या गाड्यांच्या बाजारात एक चक्कर मारा. तुम्हाला घ्यायची तीच गाडी, पाच वर्षं जुनी, कितीला मिळते ते विचारा. नव्या किमतीतून तो आकडा वजा करा अन् 60 महिन्यांनी भागा. गाडी दर महिन्याला खरी कितीला पडते, ते कळेल. मगच हप्त्यावर सही करा.