पिकअपच्या मागच्या चाकाचं बेअरिंग: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिकअपच्या मागच्या चाकातून घरघर सुरू झाली की गॅरेजात पहिलं वाक्य ऐकू येतं, "बेअरिंग गेलंय." पुष्कळदा ते खरंही असतं. पण नवं बेअरिंग टाकून गाडी बाहेर काढली तरी आवाज जिथल्या तिथे, किंवा नवं बेअरिंग पुढच्या पावसाळ्याआधीच बोंबललं, अशा तक्रारीही कमी नाहीत. लासलगावला कांदा नाहीतर नारायणगावला टोमॅटो नेणाऱ्या गाडीसाठी हंगामातला एक दिवस गॅरेजात जाणं म्हणजे भाडं बुडणं. त्यामुळे या बेअरिंगाभोवतीचे ठरीव समज एकदा तपासून घेतलेले बरे.

आधी रचना. मागच्या एक्सलच्या पोलादी हाउसिंगमध्ये मधोमध डिफरन्शियल असतं आणि त्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघतो. हलक्या पिकअपमध्ये बहुधा सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो. त्यात चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर बसतं आणि त्या टोकाला एकच बेअरिंग असतं. शाफ्ट चाक फिरवतो आणि वजनही पेलतो. जड गाड्यांत फुल-फ्लोटिंग एक्सल असतो. त्यात हब दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो, वजन हाउसिंग पेलतं आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम उरतं. चाकाच्या मध्यातून बाहेर आलेली, गोल ओळीत बोल्ट मारलेली चकती दिसली तर एक्सल फुल-फ्लोटिंग समजावा.

गैरसमज १: मागून हूंऽऽ असा आवाज आला म्हणजे बेअरिंगच.

वस्तुस्थिती: असाच आवाज वेडावाकडा झिजलेला टायर करतो, डिफरन्शियलमधलं पिनियनचं बेअरिंग करतं आणि लांब गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंगही करतं. पाना हातात घेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर चार गोष्टी पाहाव्यात.

एक, वेग तोच ठेवून गिअर बदला. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. दोन, डांबरावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताना आवाजाचा सूर बदलला तर संशय टायरवर. खात्रीसाठी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून पाहा. आवाज टायरबरोबर पुढे गेला तर बेअरिंगाला हात लावायची गरज नाही. तीन, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, असं होत असेल तर क्राउन-पिनियन तपासा. चाकाच्या बेअरिंगचा आवाज एवढ्याने फारसा बदलत नाही. चार, लांब वळणावर लक्ष द्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, त्या वेळी घरघर वाढली तर उजवं बेअरिंग संशयित. मात्र हा फक्त इशारा आहे, निकाल नव्हे.

गैरसमज २: ज्या बाजूने आवाज येतो त्या बाजूचं बेअरिंग खराब, आणि चाक हललं नाही तर बेअरिंग ठणठणीत.

वस्तुस्थिती: मागचा एक्सल हा एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला सलग पोलादी नळा आहे. आवाज त्यातून आरपार पसरतो आणि केबिनमध्ये बसलेल्याला भलतीच बाजू सांगतो. त्यामुळे चाक उचलून पाहण्याला पर्याय नाही.

इथे सुरक्षेची एक गोष्ट हमखास विसरली जाते. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि चाक हाताने फिरवायचं तर हँडब्रेक सोडावाही लागतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, मग जॅक, मग एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर काम करू नये. एकच चाक उचलून इंजिनवर फिरवू नये. डिफरन्शियलमुळे ते एकटं चाक दुप्पट वेगाने फिरतं आणि गाडी स्टँडवरून उतरू शकते.

चाक हाताने सावकाश फिरवताना दुसरा हात ब्रेकच्या प्लेटवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर तळव्याला जाणवते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक प्लेटला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली तर ती ऐकूही येते. मग दुसऱ्या बाजूचं चाक फिरवून तुलना करा. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा. चाकाचं हे ढिलं हलणं, म्हणजे खेळ, बेअरिंग बरंच झिजल्यावर दिसतं. धातूचा थकवा रेसच्या, म्हणजे गोळ्या किंवा रोलर ज्यावर धावतात त्या रिंगच्या, पृष्ठभागाखाली सुरू होतो, मग पापुद्रे सुटतात, आवाज येतो आणि खेळ त्यानंतर. म्हणजे खेळ दिसला तर बेअरिंग गेलं हे खरं, पण दिसला नाही म्हणून ते चांगलं ठरत नाही.

धाव संपल्यावर दोन्ही ड्रमची उष्णता ताडून पाहणंही उपयोगी आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, ड्रमला हात लावू नका. एकच बाजू जास्त तापली असेल तर कारण बेअरिंग असेल किंवा अडकलेला ब्रेक. लायनर सैल करून पुन्हा पाहिलं की उलगडा होतो.

गैरसमज ३: ग्रीस मारलं की आवाज जातो.

वस्तुस्थिती: रेसवर पडलेला खड्डा ग्रीसने भरत नाही. आवाज चार दिवस दबतो, झीज चालूच राहते. शिवाय सेमी-फ्लोटिंग एक्सलची बेअरिंगं एकतर दोन्ही बाजूंनी सीलबंद असतात, किंवा त्यांना डिफरन्शियलच्या गिअर ऑइलमधून वंगण मिळतं. त्यांना बाहेरून ग्रीस मारण्याची सोयच नसते. ग्रीस लागतं ते फुल-फ्लोटिंग हबच्या काही रचनांत, आणि तिथेही हब ठासून भरायचा नसतो. रोलरच्या फटींत ग्रीस नीट दाबावं, पण हबमधली मोकळी जागा साधारण एक-तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. जास्त ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं, तापतं आणि वितळून सीलमधून लायनरवर येतं. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं मिसळल्यानेही ती पातळ होऊन वाहतात. जुनं पूर्ण धुऊन मगच नवं भरावं.

गैरसमज ४: बेअरिंगचं आयुष्य किलोमीटरवर ठरतं.

वस्तुस्थिती: किलोमीटरपेक्षा भार मोठा. स्वीडनमधले लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर बेअरिंगच्या आयुष्याचं गणित आजही उभं आहे. एकाच जातीच्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद ज्या फेऱ्यांपर्यंत टिकतील, ते त्यांचं मूळ आयुष्य. भार वाढला की ते सरळ प्रमाणात घटत नाही. बॉल बेअरिंगमध्ये भाराच्या तिसऱ्या घाताने घटतं, रोलर बेअरिंगमध्ये त्याहून थोडं अधिक वेगाने. बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगचं आयुष्य एक-अष्टमांश आणि रोलरचं साधारण एक-दशांश उरतं.

पिकअपच्या हौद्यात टाकलेला जादा माल जवळपास सगळा मागच्या एक्सलवरच येतो. त्यासाठी पाटे वाढवले तरी बेअरिंग तेवढंच राहतं. पाट्यांनी गाडी बसायची थांबते, बेअरिंगवरचा भार रतीभरही कमी होत नाही. रुंद टायर किंवा स्पेसर लावून चाक बाहेर काढलं तर तोच भार बेअरिंगापासून लांब जातो आणि तरफेसारखा त्याला पिळतो.

गैरसमज ५: सील गळतंय, सील बदला, काम संपलं.

वस्तुस्थिती: सील का गळलं हे विचारल्याशिवाय काम संपत नाही. एक्सलच्या हाउसिंगवर ब्रीदर नावाची एक छोटी टोपी असते. गाडी चालताना आतलं तेल आणि हवा तापते, फुगलेली हवा या वाटेने बाहेर पडते. ऊस-कांद्याच्या रानातला चिखल त्यावर वाळला की वाट बंद होते आणि दाबाने तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. उलटही घडतं. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. ताकासारखं पांढुरकं झालेलं गिअर ऑइल ही त्याची खूण. असं तेल बदललं नाही तर नव्या बेअरिंगलाही गंज धरतो. झिजलेल्या बेअरिंगमुळे शाफ्ट डुगडुगत असेल तर नवं सीलही टिकत नाही. आणि तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नयेत, ते बदलावेत.

गैरसमज ६: हातोड्याने ठोकून बसवलं तरी बेअरिंग बसतंच.

वस्तुस्थिती: बसतं, पण त्याच ठोक्यात ते बिघडतं. या कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

चाक आणि ड्रम काढल्यावर रिटेनर प्लेटचे नट सुटतात आणि स्लाइड हॅमरने शाफ्ट बाहेर येतो. अनेक सेमी-फ्लोटिंग शाफ्टवर बेअरिंगच्या मागे एक घट्ट कॉलर असते. ती काढण्याची रीत अशी: कॉलरमध्ये ड्रिलने भोक पाडायचं, पण शाफ्टला टोक लागू द्यायचं नाही. मग तिथे छिन्नीचा जोरकस घाव घातला की कॉलर चिरून सैल होते. वेळ वाचवायला गॅस कटर लावला तर उष्णतेने शाफ्टचं पाणी उतरतं, आणि पुढे तो भाराखाली तुटू शकतो. बेअरिंगचं पोलाद ठिसूळ असतं, तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच.

नवं चढवताना क्रम चुकवू नये. आधी रिटेनर प्लेट, रचनेप्रमाणे सील, मग बेअरिंग, शेवटी नवी कॉलर. प्लेट टेबलावर राहिली आणि बेअरिंग प्रेस झालं, तर ते उतरवताना बहुतेक वेळा वाया जातं. प्रेसचा जोर फक्त आतल्या रिंगवर पडला पाहिजे. तो बाहेरच्या रिंगवर आला तर गोळ्यांमधून आत जातो आणि रेसवर गोळ्यांच्या अंतराने बारीक खड्डे उमटतात. असं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं आणि दोष दुकानदाराला लागतो.

कॉलर हाताने सहज सरकली तर शाफ्टची सीट झिजली आहे. तिथे पंचचे ठिपके मारून घट्टपणा आणण्याचा जुगाड करतात. ते उंचवटे लवकरच घासून जातात आणि कॉलर पुन्हा सैल होते. अशा वेळी शाफ्टच बदलावा. जुनी कॉलर पुन्हा कधीही वापरू नये.

शाफ्ट आत सरकवताना त्याचे स्प्लाइन सीलच्या रबरी ओठाला घासू देऊ नयेत. नंतर तेलाची पातळी भरून घ्यावी, आणि ब्रेकचा पाइप सोडला असेल तर हवा काढावी. फुल-फ्लोटिंग हबमध्ये नट करकचून आवळणं हीदेखील चूकच. हब फिरवत नट घट्ट करायचा, मग गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे सैल करून लॉक करायचा. जास्त आवळलेलं टेपर बेअरिंग तापून जळतं.

गैरसमज ७: नंबर जुळला की बेअरिंग तेच.

वस्तुस्थिती: ६३०८ हा नंबर घ्या. शेवटच्या ०८ ला ५ ने गुणलं की आतलं भोक ४० मिलिमीटर, हे कळतं. पण नंबरानंतरची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त फट. ही अक्षरं चुकली तर माप बसूनही बेअरिंग चुकीचंच. नकली मालही बाजारात आहे. बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. चिंचवडमध्ये कारखाना असलेल्या एसकेएफसारख्या कंपन्यांची खरेखोटेपणा पडताळणारी अ‍ॅपही आहेत.

गैरसमज ८: बदलायची तर दोन्ही बाजूंची.

वस्तुस्थिती: सक्ती नाही. पुराचं पाणी, खराब तेल किंवा कायमचा ओव्हरलोड अशी दोन्ही बाजूंना सारखी कारणं असतील तर दुसरी बाजूही उघडून पाहावी. एकाच बाजूचं सील फाटलं असेल तर एकच बेअरिंग पुरे.

गैरसमज ९: आवाज करत का होईना, गाडी घरी पोहोचते.

वस्तुस्थिती: कॉलरच्या रचनेत चाकासकट शाफ्टला आत धरून ठेवणारी साखळी म्हणजे बेअरिंग, कॉलर आणि रिटेनर प्लेट, एवढीच. बेअरिंग फुटलं किंवा कॉलर सरकली की चाक शाफ्टसकट हाउसिंगमधून बाहेर येऊ शकतं. ड्रमही त्याच्याबरोबर जातो, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडून ब्रेक ऑइल सांडतं, आणि भरलेली गाडी घाटात असेल तर पुढचं सांगायला नको. घरघर सुरू असताना माल भरू नये. खरखर आणि खेळ दोन्ही असतील तर गाडी टो करून न्यावी.

काम झाल्यावर जुनं बेअरिंग मागून घ्या आणि पाहा. निळसर-काळी रेस म्हणजे ते तापलं होतं, वंगण कमी होतं किंवा नट जास्त आवळला होता. तांबूस गंज म्हणजे पाणी शिरलं. समान अंतरावरचे खड्डे म्हणजे ठोकाठोकी. ओळीने उठलेल्या बारीक रेघा किंवा जळके ठिपके असतील तर हौद्याला वेल्डिंग करताना अर्थची क्लॅम्प लांब लावली होती का, हे आठवा, कारण तो प्रवाह बेअरिंगमधून गेलेला असू शकतो. नुसते पापुद्रे निघाले असतील तर भाराचा हिशोब मांडा. कारण न शोधता घातलेलं नवं बेअरिंग त्याच कारणाने पुन्हा जातं. म्हणून बिल चुकतं करण्याआधी मेकॅनिकला तीन गोष्टी दाखवायला सांगा: जुनं बेअरिंग, चिरलेली जुनी कॉलर आणि साफ केलेला ब्रीदर.