आधी तंबोरा ऐका, मग हेडफोन घ्या

रायपुरात हेडफोनना तोटा नाही. जयस्तंभ चौकाजवळच्या रविभवनात शिरलं की मोबाइलच्या दुकानांत वायरलेस इअरबड्सचे डबे छतापर्यंत रचलेले दिसतात. मॉलमधल्या मोठ्या दुकानांत नामांकित कंपन्यांचे ब्लूटूथ हेडफोन काउंटरवर मांडलेले असतात, ते कानाला लावून बघता येतात. पण ज्याला ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं निवांत बसून ऐकायची आहेत आणि त्यासाठी एकदाच दहा-वीस हजार रुपये मोजायची तयारी आहे, त्याला हवे असतात ते तारेचे, पूर्ण कान झाकणारे हेडफोन. ते बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावे लागतात, म्हणजे न ऐकता.

‘कुठला घेऊ?’ हा प्रश्न चौबे कॉलनीपासून तात्यापाऱ्यापर्यंत, गाण्याची आवड असलेल्या मराठी घरांत मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: कंपनीचं नाव नंतर, आधी कशावर पारखणार ते ठरवा.

कारण दुकानात जे ऐकवलं जातं, ते पारखण्याच्या कामाचं नसतं. ‘भैया, बेस सुनिए,’ म्हणत विक्रेता स्वतःच्या मोबाइलवरचं एखादं दणदणीत नाचाचं गाणं लावतो. कानावर ठोके बसतात, ऐकणारा खूश होतो. पण त्यातला ठोका कुठल्या वाद्याचा, ते वाद्य समोर बसून वाजवलं तर कसं ऐकू येतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो आवाज संगणकावरच तयार झालेला असतो. अस्सल काय ते माहीत नसेल, तर नक्कल कितपत जमली आहे हे ठरवणार कसं?

आपल्या गाण्यात याचं उत्तर तयार आहे. तंबोऱ्याइतकं चांगलं परीक्षेचं वाद्य शोधून सापडायचं नाही. त्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता, घासून घासून आणलेला असतो. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची एक अख्खी रांग जागी होते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली वीणा आणि तंबोरा यांच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तारांच्या कंपनाबद्दलचा तोवरचा नियम इथे का लागू पडत नाही, हे त्यात मांडलेलं आहे.

आता थोडे आकडे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा. तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. या खर्जाचा पाचवा स्वरांश येतो 346 हर्ट्झच्या जवळ, आणि तो असतो शुद्ध गंधार. कुठलीही तार गंधारात लावलेली नसताना तो ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचा एखादा जुना तंबोरा नीट लागला की तो गंधार खोलीत तरंगत राहतो. गाणारे लोक त्याच्यावरूनच तंबोरा जुळला की नाही हे ओळखतात.

हेडफोनवर हा गंधार ऐकू येतो का, ही माझी पहिली परीक्षा. वरवर पाहता ती सोपी वाटते, कारण 346 हर्ट्झ हा काही अवघड टापू नाही, स्वस्तातला हेडफोनही तो वाजवतो. अडचण वेगळीच आहे. आपल्या श्रवणाचा एक स्वभाव असा, की खालचे जोरकस आवाज वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतात. उलट दिशेनं हे झाकणं पुष्कळच कमी होतं. त्यामुळे ज्या हेडफोनमध्ये खर्ज फुगवलेला असतो, त्यात तंबोरा नुसता घों-घों करतो आणि गंधार बुडतो. ‘बेस सुनिए’चा सौदा नेमका इथे महागात पडतो. उलट, ज्यात वरची पट्टी जास्त टोकदार केलेली असते त्यात जवारी पत्र्यासारखी चरचरते. दोन्ही दोष अर्ध्या मिनिटात कळतात आणि त्यासाठी तज्ज्ञाचे कान लागत नाहीत.

तंबोऱ्यानंतर डग्गा. तबलजी मनगट दाबून डग्ग्याचा घुमारा वर चढवतो, तेव्हा तो स्वर एका रेषेत सरकत गेलेला ऐकू यायला हवा. मध्येच एखाद्या जागी तो उगाच फुगला, तर त्या हेडफोनमध्ये तिथे गाठ आहे असं समजा. मग चाटेवरचा ‘ना’: तो सुटा, कोरडा आणि क्षणात संपणारा हवा. छत्तीसगडात राहणाऱ्यांना आणखी एक कसोटी हाताशी आहे, ती पंडवानीची. तीजनबाईंच्या कार्यक्रमाचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा. त्यांचा आवाज, मागे हुंकार देणारे साथीदार, हार्मोनियम, ढोलक आणि मंजिरा एकाच वेळी अंगावर येतात. चांगल्या हेडफोनमध्ये मंजिऱ्याचा आघात आणि त्यामागून विरत जाणारी झण अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या कळतात. सुमार हेडफोनमध्ये नुसतं ‘छँक’ उरतं.

शेवटी माणसाचं बोलणं. पु. ल. देशपांड्यांच्या आवाजातलं कथाकथन मराठी माणसाच्या कानात मुरलेलं आहे. ते लावून ‘स’, ‘श’, ‘च’ कडे लक्ष द्या. हे वर्ण शिट्टीसारखे टोचत असतील, तर तो हेडफोन लता मंगेशकरांच्या तारसप्तकातही टोचणार. बोलणारा माणूस डब्यात बसल्यासारखा वाटत असेल, तर मधली पट्टी दबलेली आहे.

दोन हेडफोनांची तुलना करताना एक पथ्य काटेकोरपणे पाळायला हवं: दोघांचा आवाज सारख्याच पातळीवर आणायचा. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि त्याचं कारण शरीरात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिलं, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि पातळी वाढवली की तो भरून येतो. दुकानातला महागडा नग जोरात वाजत असेल, तर निवाडा आधीच झालेला असतो. म्हणून प्रत्येक वेळी एकच ओळ, एकच जागा लावा, आवाज कमीजास्त करून जुळवा, मगच बोला.

कानावर हेडफोन कसा बसतो, याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. बंद वाटीच्या हेडफोनचा सगळा खर्ज त्या गादीच्या घट्ट बसण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी मध्ये आली की फट पडते आणि खर्ज गळून जातो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकटच ऐकावं. इअरफोनचंही तेच: सोबत आलेल्या रबरी टोप्यांपैकी योग्य मापाची बसवली नाही, तर हजारोंचा इअरफोन फुकट. शिवाय रायपूरचा मे महिना लक्षात घ्या. 43-44 अंशांत रेक्झिनच्या गाद्या कानाला चिकटतात, घामानं त्यांचं आवरण सोलपटतं. मखमली कापडाच्या गाद्या इथे कितीतरी सुखाच्या, आणि सुट्या बदलून मिळणाऱ्या असतील तर अधिकच.

उन्हाळ्यावरून कूलरचा मुद्दा येतो, आणि तो आपल्या गावात निर्णायक आहे. हेडफोनच्या दोन जाती: वाटीची पाठ बंद असलेले आणि जाळीदार, उघड्या पाठीचे. जर्मनीच्या झेनहायजर कंपनीनं 1968 साली एचडी 414 हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्यांचाच 1997 सालचा एचडी 600 आजही विकला जातो आणि गळ्यासाठी मला तो फार आवडतो. उघड्या पाठीमुळे आवाज डोक्यात कोंडत नाही, गाणं समोर मोकळं पसरल्यासारखं वाटतं. पण त्यातून बाहेरचंही सगळं आत येतं. खोलीत कूलर धडधडत असेल, तर मंद्रसप्तकातली आलापी त्यात विरघळून जाते. तेव्हा वर्षातले चार-पाच महिने कूलरखाली बसून ऐकणाऱ्यानं बंद वाटीचाच घ्यावा. रात्री उशिरा, शांत खोलीत, एकट्यानं ऐकणाऱ्याला उघडा लाभेल. कूलरच्या एकसुरी घरघरीवर आवाज रद्द करणारं तंत्र छान चालतं: बाहेरचा मायक्रोफोन ती घरघर टिपतो आणि तिच्या उलट लहर कानाशी सोडली जाते. खालच्या, संथ आवाजांवर ते जितकं प्रभावी, तितकं शेजारच्या बोलण्यावर किंवा हॉर्नवर नाही.

तारेचा की ब्लूटूथ, या वादात मी तारेच्या बाजूचा आहे. ब्लूटूथमध्ये आवाज वाईटच असतो असं मुळीच नाही. पण त्यातली बॅटरी काही वर्षांत थकते आणि तिच्याबरोबर चांगले स्पीकरही टाकून द्यावे लागतात. तारेच्या हेडफोनची वायर आणि गाद्या बदलल्या की तो वीस वर्षं सहज चालतो. एवढं मात्र आधी बघून घ्या, की तो आपल्या मोबाइलवर वाजेल ना. एचडी 600चा रोध 300 ओहम आहे. साध्या फोनच्या बारीक व्होल्टेजवर तो मरगळलेला वाजतो, त्याला छोटा अॅम्प्लिफायर लागतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एम 50 एक्सचा रोध 38 ओहम, त्याला फोन पुरतो. ज्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, त्याला बोटभर लांबीचं जोडयंत्र लावावं लागेल, तोही खर्च हिशेबात धरा.

किमतीबद्दल स्पष्ट सांगतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं 2017 साली 283 हेडफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि स्वरांचा समतोल यांचा एकमेकांशी संबंध त्याला आढळला नाही. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन कंपनीत ब्रँड कळू न देता श्रोत्यांना हेडफोन ऐकवले, तेव्हा बहुतेकांची पसंती एकाच दिशेला गेली: चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, तसा समतोल असलेल्या हेडफोनकडे. म्हणून पन्नास हजारांच्या नगापुढे दबून जायचं कारण नाही. ज्यांचं ऐकणं मुख्यतः बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या 78 गतीच्या तबकड्यांपुरतं आहे, त्यांनी तर मुळीच जास्त खर्च करू नये. त्या तबकड्यांत अतितार आवाज मुळात उतरलेलेच नाहीत. तीक्ष्ण हेडफोन तिथे फक्त खरखर मोठी करून दाखवतो.

कानाचीही काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास चालतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. चांगल्या हेडफोनचा एक फायदा असा, की हळू आवाजातही त्यात सगळं ऐकू येतं.

खरेदीआधी जमलं तर खैरागडला एक फेरी मारा. 1956 साली राजवाड्यात सुरू झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय रायपूरहून दोनेक तासांवर आहे. श्री. ना. रातंजनकर 1957 साली तिथे कुलगुरू म्हणून आले होते. एखाद्या मैफलीत पुढे बसून दोन तंबोरे जुळताना ऐकले, की कानाला माप मिळतं. मग हेडफोन मागवताना परतीची मुदत असलेल्या दुकानातूनच मागवा, बिल आणि खोकं जपून ठेवा, आणि मन भरलं नाही तर भीड न बाळगता परत पाठवा.

माझी विनंती रायपूरच्या दुकानदारांना आणि आपल्या महाराष्ट्र मंडळालाही आहे. दुकानदारांनी तारेचे दोन-तीन चांगले हेडफोन केवळ ऐकवण्यासाठी उघडून ठेवावेत. मंडळानं वर्षातला एक रविवार यासाठी द्यावा: ज्यांच्याकडे जे हेडफोन आहेत ते त्यांनी घेऊन यावेत, टेबलावर मांडावेत, आणि नव्यानं घेणाऱ्यांनी आपल्या आवडीचं गाणं लावून ते एकेक करून ऐकावेत. मी माझे घेऊन येईन.