औषधाला वाफसा हवा

शेतकरी बंधूंना वाफसा म्हणजे काय ते सांगावयास नको. बी तेच, जमीन तीच. पण वाफसा साधला तर उगवण, हुकला तर दुबार पेरणी. स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या औषधाचेही काहीसे असेच आहे. एकाच गोळीने एकाला लवकर आराम पडतो, दुसऱ्याला महिनोन्‌महिने पडत नाही. याच्या काही खुणा वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत.

पहिली खूण वेळेची. कानी नसलेले आवाज येणे, घरच्यांचाच संशय घेणे अशी लक्षणे दिसू लागल्यावर उपचाराविना जितका काळ जातो, तितका पुढे गुण कमी येतो. ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारे-उताऱ्यांत वर्ष घालविणे फार महाग पडते. आम्ही रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करू. पण त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी खूण आजाराच्या चालीची. एकाएकी उद्भवलेला आजार बहुधा लवकर आवरतो. कोवळ्या वयात हळूहळू जडलेला चिवट असतो. यात कोणाचाच दोष नाही.

तिसरी खूण पहिल्या पंधरवड्याची. पुरेशी मात्रा घेऊनही दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर त्याच गोळीने पुढे चांगला गुण येण्याची शक्यता कमी असते. म्हणून झोप, जेवण, बोलणे यांची रोज वहीत नोंद ठेवावी व ती डॉक्टरांना दाखवावी. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

चौथी खूण घरातली. औषधात खंड, दारू आणि गांजा यांनी गुण मागे पडतो. विडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापीन व क्लोझापीन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. उलट धूम्रपान एकदम सोडल्यास तीच मात्रा जास्त होऊ शकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात.

दोन औषधे नीट घेऊनही गुण नसेल तर निराश होऊ नये. अनेक औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांत क्लोझापीनने शंभरी तीस जणांना गुण आला, जुन्या औषधाने केवळ चौघांना. या औषधासोबत रक्ततपासणी चुकवू नये.

आपल्या सीमाभागातून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था व गोव्यातील बांबोळीचे मनोरुग्णालय गाठता येते. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो. दुखणे झाकून ठेवू नका. वाफसा वाट पाहत नाही.