वारशाच्या बंदुका आणि त्यांची किंमत

समजा, एखाद्या जुन्या इनामदार घराण्यातील आजोबा वारले. मागे राहिल्या दोन दुनळी काडतुसी बंदुका आणि एक ठासणीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, नातवंडांना तिच्यात रसही नाही. तेव्हा विकून टाकू, असे घरात ठरते. पण बंदूक म्हणजे शिसवी कपाट नव्हे!

वाणिज्य शाखेत आपण मालकी आणि ताबा यांतील फरक पाठ करतो. तो इथे अंगाशी येतो. मालकी वारसाकडे आली, तरी आजोबांचा परवाना त्याच्याकडे आपोआप येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अशी हत्यारे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागतात. जमा केल्याने मालकी जात नाही. मात्र ठरलेल्या मुदतीत ती सोडवली वा विकली नाहीत, तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. भावाभावांचे वाटणीचे भांडण रेंगाळले की नेमके हेच होण्याची भीती.

एकाने परवाना काढून तिन्ही ठेवाव्यात म्हटले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगता येतात. वारशालाही अपवाद नाही. आपल्याच राज्यातील कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे, ती बेळगावकरांच्या उपयोगाची नाही.

"इतकी जुनी, तिला कसला परवाना?" असे पुष्कळांना वाटते. केवळ वय पुरेसे नाही. दुरुस्त करूनही बार निघणार नाही, अशाच पुराणवस्तूला कलम ४५ सूट देते. विकत घेणाऱ्याकडेही परवाना हवा. खाजगी विक्री असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते.

आता किंमत. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातील एकीच्या व्यासाची नळी. पण भाव बोअरवर नव्हे, कारागिरावर ठरतो. वेस्टली रिचर्ड्स किंवा ग्रीनर हे नाव, लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे छाप, मूळ लाकडी दस्ता, हे सारे पाहतात. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस. दिसायला सुंदर, परंतु बहुधा काळ्या दारूसाठी घडवलेली. आधुनिक काडतूस तिच्यात फुटले तर नळीच फुटू शकते. विक्रीपूर्वी पॉलिशकागदाने घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. छाप आणि नक्षी गेली की निम्मी किंमत गेली म्हणा. परदेशी लिलावातील आकडे ऐकून हुरळूनही जाऊ नये. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक मोलाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तो कायदाही १९७२ चाच.

ठासणीची बंदूक मात्र हलवण्यापूर्वीच तपासावी, कारण तीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. जाणकार नळीच्या तोंडासमोर न येता आत गज घालतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहतो. गज आत चार बोटे कमी गेला असेल, तर तळाशी काहीतरी ठासलेले आहे. ते काढण्याचे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचे, घरच्या हौशी मंडळींचे नव्हे.