गाव नेमकं कुठं वसवायचं?

'सिव्हिलायझेशन' या खेळातली सगळ्यात महागाची चाल पहिलीच असते, आणि ती खेळताना हाताशी माहिती जवळपास नसतेच. इसवी सनपूर्व ४००० साल. बहुतेक नकाशा झाकलेला, एक छोटासा तुकडा तेवढा उघडा. त्यात वस्ती करायला निघालेले 'सेटलर' आणि त्यांच्या राखणीला एखादा योद्धा. राजधानी आहे तिथंच करायची की दोन घरं पुढं सरकायचं? एकदा गाव बसवलं की ते हलवता येत नाही. पुढची सहा हजार वर्षं तीच नदी आणि तेच डोंगर.

हा खेळ पाळीपाळीनं खेळायचा, बुद्धिबळासारखा. विचार करायला वेळ लागेल तेवढा घ्या, कुणी हाकलत नाही. म्हणून तर तो माझ्यासारख्याला जमतो. माझी सगळी नोकरी नगररचनेत, ट्रेसिंग टेबलाशी गेली. निवृत्तीनंतर भाच्यानं लॅपटॉपवर सहावी आवृत्ती घालून दिली आणि म्हणाला, "मामा, हे तुझंच काम आहे." तो आजही माझ्या पाठीशी उभा राहून कुरकुरतो, "आहे तिथंच टाक ना रे गाव, टर्न फुकट जातोय!" त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. उशिरा वसलेलं गाव उशिरा वाढतं. पण नदी एका घरावर दिसत असेल तर मी सरकतोच.

कारण पाणी. या आवृत्तीत गोड्या पाण्याकाठच्या शहराला सुरुवातीला पाच घरकुलांची सोय मिळते, नुसत्या समुद्रकाठच्याला तीन आणि कोरड्या जागेला दोनच. ही सोय संपत आली की लोकसंख्या अडखळते, मग शेतं कितीही पिकोत. नदीकाठी सपाट माळाऐवजी टेकाड सापडलं तर सोन्याहून पिवळं. मैदानी टेकडीवर गाव टाकलं की गावच्या घरातूनच दोन अन्न आणि दोन उत्पादन मिळतं, इतरत्र बहुधा दोन आणि एक. शिवाय टेकडीवरचं शहर लढायला तीन गुणांनी भारी. पहिल्या पन्नास टर्नमध्ये हा एकेक गुण फार मोठा असतो.

खरी मजा त्यानंतर. २०१६ च्या या सहाव्या आवृत्तीत शहर एका घरात मावत नाही. विद्यापीठाचा भाग, बाजारपेठ, बंदर, कारखाने यांना नकाशावर वेगवेगळं घर द्यावं लागतं, आणि शेजार कुणाचा यावर त्यांची किंमत ठरते. विद्येच्या भागाला, म्हणजे 'कॅम्पस'ला, लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे एक गुण. तीन डोंगरांच्या कुशीत रिकामं घर दिसलं की भाचा गाव तिथंच टाकायला धावतो, कारण जागा सुरेख दिसते. मी ती जागा सोडून शेजारी बसतो. कुशीत कॅम्पस येईल, गाव नाही. बाजारपेठेला नदीकाठी दोन गुण, बंदराला लागून असेल तर आणखी दोन, आणि बंदराला शहराला खेटून असल्याचे दोन. म्हणजे नदी जिथं समुद्राला मिळते तिथं शहर, बाजार आणि बंदर यांचा त्रिकोण जुळवायचा.

पण हे सगळं लगेच बांधता येत नाही. असा दुसरा भाग बांधायला लोकसंख्या चार लागते, तिसऱ्याला सात. तोवर त्या घरावर खाण किंवा शेत निघू नये म्हणून नकाशावर खुणेच्या टाचण्या टोचून ठेवायची सोय आहे. विकास आराखड्यात आम्ही रिकाम्या सर्व्हे नंबरावर शाळेचं आरक्षण टाकायचो, तेच हे. फरक इतकाच की इथं आरक्षण उठवायला कुणी येत नाही.

गावं किती आणि किती जवळ, यावर मात्र खेळ बनवणारे आणि खेळणारे यांच्यात तीसेक वर्षं रस्सीखेच चालू आहे. पहिल्या खेळात शहराचं स्वतःचं घर माणूस न लावता फुकट पिकायचं. आता हिशेब करा. दहा माणसांचं एक शहर अकरा घरं कसतं. एकेका माणसाची दहा गावं मिळून वीस. मग कोण मोठं शहर वाढवणार? लोकांनी नकाशाभर खुरटी गावं पेरली. राजधानीपासून दूरच्या गावांचं उत्पन्न गिळणारा भ्रष्टाचार तिसऱ्या आवृत्तीत फारच वाढला. ही कल्पना ज्याला सुचली त्यानं सरकारी दफ्तर पाहिलं असणार. चौथीत प्रत्येक गावाचा देखभाल खर्च आला. २०१० च्या पाचवीत प्रत्येक नव्या गावामागे साऱ्या राज्याची नाराजी तीन अंकांनी वाढू लागली, आणि लोक चार शहरांवर राज्य चालवू लागले. नियम बदलले तशा गावांच्या जागाही दर वेळी बदलल्या.

पाचवीतच चौकोनी घरं जाऊन षटकोनी आली. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या बाजारगावांची क्षेत्रं षटकोनांतच मांडली होती, हे आठवून मला उगाच बरं वाटलं.

सहावीत गाडी परत दाटीकडे वळली आहे. दोन शहरांमध्ये किमान तीन घरं सोडावी लागतात. मी बहुधा तेवढीच सोडतो. शहराचा हात तिसऱ्या वळ्यापर्यंत, म्हणजे छत्तीस घरांपर्यंत पोचतो खरा, पण तेवढी घरं कसायला माणसं येईस्तोवर खेळ संपतो. जवळची गावं एकमेकांची निष्ठाही टिकवतात. २०१८ च्या विस्तारापासून नऊ घरांच्या आतल्या सगळ्या वस्तीचा दाब गावावर पडतो. शेजारच्या राजाच्या दाराशी एकटंच गाव टाकलं तर ते लवकरच फुटून निघतं, आणि पुष्कळदा त्याच राजाला जाऊन मिळतं.

ओसाड जमिनीवरून आमचं अजून जमत नाही. भाचा वाळवंटाकडे बघतही नाही. पण 'पेट्रा' हे आश्चर्य सपाट वाळूत बांधलं की त्या शहराच्या प्रत्येक वाळवंटी घराला दोन अन्न, दोन सोनं आणि एक उत्पादन वाढून मिळतं. वाळूच्या टेकड्या भरपूर असतील तर तेच शहर राजधानीला भारी पडतं. अडचण एकच, पेट्रा जगात एकदाच बांधता येतं आणि दुसऱ्या कुणी आधी उरकलं तर हातात नुसती वाळू उरते. ज्वालामुखीचंही तसंच. २०१९ च्या विस्तारापासून तो खरोखर फुटतो, शेतं मोडतो, माणसं मारतो, आणि जाताना आजूबाजूची माती कसदार करून जातो. मी पायथ्यापासून दोन घरं सोडून गाव बसवतो, शेतं मात्र थेट पायथ्याशी. "मामा, हे आरक्षण कुणी मंजूर केलं?" असं भाचा विचारतो आणि स्वतःचं गाव पलीकडच्या कुरणात नेतो.