परसदारी स्वर्गीय पाहुणे

मे महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी मागच्या दारी गेले, तर आंब्याखाली पाखरांसाठी ठेवलेल्या परातीत एक तांबूस पाखरू सपकन सूर मारून गेलं. फांदीवर बसून पंख झटकले की पुन्हा सूर! काळं डोकं, वर शेंडी. म्हटलं, बुलबुलच असणार. चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल यापलीकडे आपल्याला माहीत तरी काय असतं?

पण बुलबुलाची पाठ अशी विटकरी नसते. दुसऱ्या दिवशी त्याच आंब्यावर एक पांढराशुभ्र पक्षी आला. डोकं तसंच काळं, शेंडी तशीच. पण शेपटीला वीतभराहून लांब दोन फिती! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन वेगळ्या जातीची पाखरं ती." मलाही तसंच वाटलं.

लेकीने मोबाइलवर फोटो काढला, त्यात नुसती पानं आली. मग मीच हिशेबाच्या वहीत टिपून ठेवलं : अंग बुलबुलाएवढं, डोळ्याभोवती निळं कडं, ताठ बसतो, उडता उडता माशी पकडतो. वाचनालयात डॉ. सालिम अलींचं, १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं आणि कोडं सुटलं. स्वर्गीय नर्तक! तांबूस ती मादी, पांढरा तो नर. हिंदीत याला दूधराज म्हणतात, मध्य प्रदेशचा हा राज्यपक्षी. गंमत म्हणजे नरही लहानपणी तांबूसच असतो. पांढरा पोशाख चढायला दोन-तीन वर्षं जातात.

आता खरी अडचण. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी पावसाआधी तोडायची ठरली होती, माणूसही सांगून ठेवला होता. आणि त्याच फांदीवर, कोळ्याच्या जाळ्याने गुंफलेलं, वाटीएवढं घरटं! आमचे हे म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय. घरात गळलं तर?" मी म्हटलं, "अंड्यांचे पंधरा दिवस, पिल्लांचे दहा-बारा. महिनाभर थांबू या."

पाऊस आला आणि गळलंच! स्वयंपाकघरात घमेलं ठेवून मी पोळ्या लाटल्या. ह्यांनी घमेल्याकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

एके दिवशी आमच्या बचत गटाच्या बैठकीला बायका जमल्या होत्या. घरट्यात पांढरा नर अंडी उबवत बसलेला, शेपटी खाली लोंबतेय. दोघं आळीपाळीने उबवतात, हे मी सांगितल्यावर एकजण म्हणाली, "आमच्या घरी दाखवायला न्या हो याला!" हसून हसून पुरेवाट झाली.

जूनअखेर तीन पिल्लं उडाली. मगच फांदी तोडली.

मैत्रिणींनो, अनोळखी पाखरू दिसलं तर रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. चिमणीएवढं की साळुंकीएवढं, चोच कशी, शेपटी कशी, जमिनीवर टिपतं की हवेत, एवढं लिहून ठेवा. घरटं सापडलं तर लांबूनच बघा. आपण सारखं जवळ गेलो, तर कावळ्याला वाट सापडते. आणि उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा. आमच्याकडे त्या परातीनेच तर ओळख करून दिली!