चढावर सोबत हवी

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. किनाऱ्याला बिलगून जाणारा म्हणून तो सपाट असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात जांभ्या दगडाचे सडे खाड्यांनी चिरलेले असल्यामुळे रस्ता पुलापाशी उतरतो आणि लगेच पुन्हा सड्याकडे चढू लागतो. आरे आणि वारे यांच्यामधील डोंगरावरून दोन्ही पुळणी दिसतात. परंतु ते दृश्य चढ चढल्यावाचून लाभत नाही.

साठी ओलांडलेल्या वाचकांनी हा रस्ता सायकलने करावा काय? घरातील मंडळी बहुधा ‘नको’ म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. तथापि बसून राहण्यातही धोका आहे. स्नायू झिजतात, तोल जाऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. सायकलवर देहाचा बराचसा भार सीटवर राहत असल्याने गुडघ्यांना चालण्यापेक्षा कमी त्रास होतो. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मग कसे जावे, कोणाबरोबर जावे, याचा विचार करावा.

एकटे जाऊ नये. आपल्याच वेगाने चालणारा मित्र सोबत असावा. रस्ता अरुंद असल्याने एकामागे एक चालावे आणि अधूनमधून बोलत राहावे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर श्रम बेताचे आहेत. शब्दाशब्दाला दम अडकत असेल, तर उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते. अशा वेळी ठोके मोजण्यापेक्षा हीच कसोटी अधिक भरवशाची.

चढापेक्षा उतार अधिक जोखमीचा. वेग वळणापूर्वीच कमी करावा आणि दोन्ही ब्रेक बेताने दाबावेत. पावसाळ्यात हा बेत टाळून हिवाळ्यातील सकाळ निवडावी. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ठरावीक अंतराने पाणी प्यावे. मधुमेहावर इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि ती कोठे आहे, हे मित्रालाही ठाऊक असावे. छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ किंवा थंड घाम जाणवल्यास जागीच थांबावे आणि मित्राने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुलासुनांनो, आपण मनाई करण्याऐवजी तयारीत सहभागी व्हा. औषधांची यादी खिशात द्या, निघण्याची वेळ विचारून ठेवा, परतीसाठी वाहनाची सोय करा. आणि ज्येष्ठांनो, आरंभ भाट्याच्या सुरूबनाजवळील सपाट रस्त्यावर करा. तेथे काही आठवडे सहज जमले, की मगच आरेच्या चढाकडे वळा. तेथूनही अर्ध्यावर परतावेसे वाटले, तर मित्राला निःसंकोच सांगा; खरा सोबती तो, जो आपल्याबरोबर मागेही फिरतो.